जाताना ‘येते’ म्हणायचं

परवा इथल्या सँडरिंगहॅम भागातल्या देशी वाण्याकडे शहाजिऱ्याचं पाकीट माझ्या हातून निसटलं आणि फुटलं. माझ्या हातून काही ना काही सांडतंच, त्यात नवल नाही. नवरा म्हणतो, तुला दुकानात नेण्यापेक्षा दुकान घरी आणलेलं बरं. दुकानदार ‘नो वरीज’ म्हणत झाडू आणायला गेला, मी ओशाळून खाली बसले, दाणे गोळा करायला लागले आणि तो वास वर आला. किंचित गोड, किंचित औषधी. खरं तर या वासाने कुणालाही पुलाव आठवावा. मला आठवला तो काळपट, जड, दाताखाली शहाजिरं येणारा पाव, आणि दर शुक्रवारी तो भाजणाऱ्या आमच्या शेजारच्या बाई. बाईंच्या मागोमाग, न बोलावता, आई आली. तिथेच, कणकेच्या पोत्यांमध्ये उकिडवी बसून मला रडू कोसळलं. ‘यू ओके, आंटी?’ दुकानदाराने विचारलं. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगितलं. डोळ्यात काही गेलं नव्हतं, डोळ्यांपुढून दोन माणसं गेली होती. पण हे त्या बिचाऱ्याला झाडू हातात असताना काय सांगणार?

आमचं घर बॉटनी डाउन्सला, पुढे जाऊन बंद होणाऱ्या एका छोट्याशा रस्त्यावर. सगळी घरं विटांची, प्रत्येकापुढे हिरवळीचा तुकडा, आणि रविवारी चहूकडून गवत कापायच्या मशीनची घरघर. माणूस म्हणाल तर दृष्टीला पडायचा नाही. गाडी गॅरेजमधून निघते, गाडी गॅरेजमध्ये शिरते. ‘हाय’, ‘सी या’, ‘स्वीट अ‍ॅझ’ एवढ्या भांडवलावर शेजारधर्म वर्षानुवर्षं चालतो. पुण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली तरी समोरची विचारायची, आज वरण का आमटी म्हणून. त्याचा तेव्हा वैताग यायचा, इथे आल्यावर त्याचीच भूक लागली. डावीकडच्या घरात या बाई एकट्या राहायच्या. नव्वदीला टेकलेल्या, ठेंगण्या, पाठीचा कणा मात्र पट्टी लावल्यासारखा ताठ. भर उन्हाळ्यातही अंगात लोकरीचं जाकीट. उभा जन्म या देशात गेला तरी त्यांच्या इंग्रजीतला ‘र’ घशातूनच यायचा. बोलायच्या गोड, पण एक विचित्र खोड होती. निरोप घ्यायच्या नाहीत. ‘बाय’ नाही, ‘सी यू’ नाही. बोलणं संपलं की मान एकदा हलवायची आणि दार लावून घ्यायचं. मी नवऱ्याला म्हणायचे, बाई जरा तुसड्याच आहेत. तो म्हणायचा, तू पुण्याची असून हे तू बोलावंस?

मग आई आली. बाबा गेल्यानंतरचं तिचं ते पहिलंच येणं, व्हिसा मोजक्या महिन्यांचा. आईची नोकरी पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती, तेव्हा तिचं इंग्रजी म्हणजे सगळं ऑपरेटरचं इंग्रजी. कुणी अवघड प्रश्न विचारला की ‘होल्ड ऑन प्लीज’ म्हणून ती विचार करायला वेळ घ्यायची, आणि समोरचा खरंच थांबायचा. पहिल्या शुक्रवारी कुंपणापलीकडून पावाचा वास आला, तशी ती स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अगं, या बाईने पावात शहाजिरं घातलंय!’ मी म्हटलं, असेल, तुला काय करायचंय. पण ती ऐकते कसली. लिंबाच्या लोणच्याची वाटी घेऊन, पदर खोचून, माझे जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, पायात अडकवून निघालीच. मी खिडकीतून बघत होते, आता ही बाईंसमोर उभी राहून काय बोलणार, नंबर प्लीज? तासाभराने परत आली ती अर्धा पाव घेऊन. बाईंनी म्हणे लोणचं पावाला लावून खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पुन्हा मागितलं. मी इतकी वर्षं शेजारी राहून जे दार ओलांडलं नव्हतं, ते हिने एका वाटीवर ओलांडलं. त्यानंतर शुक्रवार ठरूनच गेला.

आणि अशाच एका शुक्रवारी तो घोटाळा झाला. आई बाईंकडे बसली, पाव खाल्ला, कॉफी प्यायली, आणि उठताना सवयीने म्हणाली, ‘ओके, आय अ‍ॅम कमिंग हं.’ म्हणजे, येते हं. दुसरं काय म्हणणार? कुणाच्याही उंबऱ्यावरून जिने कधी ‘जाते’ म्हटलं नाही, ती इंग्रजीत तरी ते कशी म्हणेल? बाईंना वाटलं, ही घरून काहीतरी घेऊन परत येतेय. त्यांनी दार नुसतं लोटून ठेवलं, केटलमध्ये पुन्हा पाणी भरलं. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चहाचं आधण ठेवते तोच बेल वाजली. दारात बाई. थंडीत कोट न घालता आलेल्या, चेहरा पांढराफटक.

‘तुझी आई बरी आहे ना?’

‘बरी आहे. का बरं?’

‘ती येते म्हणाली होती.’

आई आतून आली आणि प्रकार कळल्यावर कपाळावर हात मारून हसत सुटली. ‘मेलं माझं इंग्लिश!’ मीही हसत हसत बाईंना समजावलं, की आमच्याकडे जाणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ समजतात; तो ‘येतो’ म्हणतो. माझी लेक, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर इंग्रजीतच देते, तीही मध्ये पडली. तिने शाळेतलं ज्ञान पाजळलं, की माओरीत, इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, निरोपाचे दोन शब्द आहेत. राहणाऱ्याने जाणाऱ्याला म्हणायचं ‘हाएरे रा’, आणि जाणाऱ्याने राहणाऱ्याला म्हणायचं ‘ए नोहो रा’. म्हणजे कोण जातंय आणि कोण मागे राहतंय, याचा घोळच नको. आम्ही सगळ्या हसत होतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अगदी शांतपणे, शिकवणीला आल्यासारखं विचारलं, ‘जो येतो म्हणतो तो खरं जातोय, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं?’ मी म्हटलं, ‘हो, सगळ्यांना ठाऊक असतं.’ तेव्हा त्या म्हणाल्या, ‘लहान मुलांनासुद्धा?’

मला तेव्हा काही उमगलं नाही. म्हातारं माणूस, विचारलं असेल काहीतरी. पण तो प्रश्न मनात कुसळासारखा राहिला. लहान मुलांना कोण शिकवतं हे? मी आठवून बघितलं, मला कुणी शिकवलं नव्हतं. आपली भाषाच मुळी अशी आहे. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी पिचली तरी ती वाढवली म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. आणि ‘गेली’ हा शब्द आपण राखूनच ठेवलाय, तो एकदाच वापरायचा असतो. या उलट्या बोलण्यावर मी कॉलेजात असताना आईशी हुज्जत घालायचे. खरं ते बोलायला तुम्हाला भीती का वाटते, म्हणायचे. आई म्हणायची, भीती नाही गं, माया आहे ती. मला ते पटायचं नाही, पण ‘जाते’ म्हणायची माझीही कधी हिंमत झाली नाही.

पुढे एका रविवारी आमच्याकडे जेवण होतं. नवऱ्याचा एक इंजिनिअर मित्र आला होता, पुण्याचाच. माणूस अगदी चांगला, आमचं सामान हलवायला आपणहून ट्रेलर घेऊन येणारा. आईने आग्रह करून बाईंनाही बोलावलं होतं. जेवता जेवता पुण्याचं ट्रॅफिक निघालं, त्यावरून लाचखोरी, त्यावरून पुढारी. मित्र रंगात आला. पुरीचा तुकडा हवेत नाचवत मराठीत म्हणाला, आपल्याकडे ना, एकदा तोच पाहिजे, आणि त्याने त्या जर्मन हुकूमशहाचं नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे कडक हेडमास्तरला, तापट सासऱ्याला, ऑफिसातल्या साहेबाला जे सहज, जवळजवळ लाडाने चिकटवतात, तेच. ‘द्या दहा वर्षं देश त्याच्या हातात,’ तो म्हणाला, ‘सगळे सुतासारखे सरळ होतात की नाही बघा.’ दोघंतिघं हसलेही. आणि बाईंचा चमचा ताटात वाजला.

‘मला तुमच्या भाषेतला एक शब्द कळला,’ त्या म्हणाल्या.

सगळ्या मराठीच्या गलबल्यात त्यांना कळणारा तेवढाच एक शब्द होता. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मित्राचा चेहरा उतरला. तो इंग्रजीत घाईघाईने सांगायला लागला, की ही फक्त बोलायची पद्धत आहे, शिस्तीपुरतं म्हणतात, त्यात तसं काही नाही. बाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या त्याच्याकडे ओळखीचं माणूस भेटावं तसं बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘माझ्या वडिलांचे एक मित्र होते. फार चांगले. तेही असंच, आमच्या जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते, आता कुणीतरी कडक माणूस पाहिजे म्हणून. माझ्या आईने त्यांना आणखी बटाटे वाढले.’

मग त्या बोलत गेल्या. इतकं सलग बोलताना आम्ही त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील पियानो सुरात लावायचे. घरोघरी जायचं, पेटी उघडायची, तारा ताणायच्या, कान लावायचा, हाच धंदा. जर्मनीतल्या त्या शहरातली निम्मी दारं त्यांना माहीत होती. बाई म्हणाल्या, तुम्ही पुस्तकात वाचता तसं ते एका दिवसात नाही आलं. आमच्याकडे ते दारातून आलं. आधी नमस्कार बदलला. लोक ‘सुदिन’ म्हणायचे, ते हात वर करून त्या माणसाचा जयजयकार करायला लागले. पोस्टमन करायचा, पाववाला करायचा, शाळेत शिक्षिका वर्गात शिरल्या की करायच्या. आधी हौसेने, मग धाकाने, मग नुसतं सवयीने. आमच्यासारख्या ज्यू माणसाला तर तो करायलाही बंदी. तेव्हा वडील आपले जुनं ‘सुदिन’ म्हणायचे, आणि दार उघडणाऱ्याची पंचाईत व्हायची, याला आता उत्तर काय द्यायचं? त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, एक प्रेमळ म्हातारी. ती दार उघडून नुसती खाकरायची. वडील घरी येऊन तिची नक्कल करायचे, सगळे हसायचे. मग एक दिवस तिने दारच उघडलं नाही. एकेक दार असं मिटत गेलं. पोहण्याच्या तलावावर पाटी लागली. बागेतली बाकं वेगळी झाली. वर्गात बाईंना मागच्या बाकावर एकटं बसवलं, आणि ज्या मैत्रिणीबरोबर त्या डबा खायच्या, तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिचंही वय सातच, ती काय करणार, बाई म्हणाल्या.

एका सकाळी उठून पाहिलं तर रस्ताभर काचाच काचा. ज्यूंच्या दुकानांच्या, प्रार्थनाघराच्या. त्याच दिवशी वडिलांना नेलं. काही आठवड्यांनी सोडलं तेव्हा डोकं भादरलेलं, आणि बोलणं जवळजवळ बंद. घरातल्या पियानोपुढे बसून त्यांनी एक पट्टी दाबली, ऐकली, पुन्हा दाबली, आणि झाकण लावून टाकलं. मला ऐकू येत नाही, म्हणाले. कान शाबूत होते, सूर लागत नव्हता. आमच्या टेबलावर पुऱ्या गार झाल्या. त्या मित्राने मान खाली घातली होती ती वर केली नाही.

मावशीला आणि तिच्या नवऱ्याला पृथ्वीच्या या टोकाला यायची परवानगी मिळाली, आई-वडिलांना मिळाली नाही. आठ वर्षांच्या पोरीला मावशीबरोबर धाडायचं ठरलं. स्टेशनवर आईने कोटाची बटणं वरपर्यंत लावली आणि म्हणाली, मान नीट घासून धूत जा, आम्ही येतोच मागून. ‘मागून येतोच,’ बाईंनी पुन्हा म्हटलं. आईने, माझ्या आईने, ‘होल्ड ऑन प्लीज’ न म्हणता सरळ विचारलं, ‘देन? मदर केम?’ बाईंनी नकारार्थी मान हलवली. इथे आल्यावर लढाई पेटली. ज्या देशाने ज्यू म्हणून हाकललं, त्याच देशाची म्हणून इथल्या शाळेतल्या पोरी चिडवायला लागल्या, जर्मन, जर्मन. लढाई संपल्यावर एवढंच कळलं, की दोघांना पूर्वेकडे नेलं. कुठे, कसं, काही नाही. थडगं नाही, तारीख नाही. पाहुणे गेल्यावर आई भांडी घासत बसली, मशीन असताना.

आईचं परतीचं विमान जवळ आलं तसे बाईंचे शुक्रवार लांबायला लागले. निघायच्या थोडं आधी त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या, आणि आईला म्हणाल्या, ‘तू जाशील तेव्हा तुमचा तो शब्द मला म्हणू नकोस. खरं असेल ते सांग.’ आई माझ्याकडे बघायला लागली. बाई टेबलावरच्या खरकट्या बशीकडे बघत बोलत होत्या. ‘तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, की आम्ही येणार नाही, तर मी ते अख्खं स्टेशन डोक्यावर घेतलं असतं. रडले असते. पण मला कळलं असतं. माझ्या लग्नात मी दाराकडे बघत होते. मुलीच्या वेळी कळा येत होत्या, तेव्हाही बघत होते. मी खुळी नाही, ते मेले हे मला माहीत आहे. पण मला कुणी निरोप दिला नाही. मग मीही कुणाला देत नाही.’ आणि पुढे म्हणाल्या, ‘लोकांना घरातून काढून नेलं तेव्हाही ते छानच शब्द वापरत होते. कामाला नेतोय. दुसरीकडे वसवतोय. मला छान शब्दांची भीती वाटते.’

आपण मायेने झाकतो, त्यांनी कपटाने झाकलं. पण झाकणाखाली राहिलेल्या पोरीला दोन्हींतला फरक कसा कळावा?

आईची मात्र झोप उडाली. ‘असं कसं गं म्हणू? भरल्या घरातून निघताना?’ मी थट्टा केली, म्हटलं, इंग्लिशमध्ये म्हण, इंग्लिशमधलं अशुभ आपल्याला लागत नाही. एरवी अशा बोलण्यावर तिने लाटणं उगारलं असतं. ती नुसती साडीची घडी पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. ‘देवाला सगळ्या भाषा येतात,’ एवढंच म्हणाली.

निघायच्या सकाळी सामान गाडीत भरलं, तर बाई त्यांच्या दारापुढे उभ्या. कोट घातलेला, बटणं वरपर्यंत लावलेली. आई एकटी चालत गेली. कुंपण एवढंसं, मला सगळं ऐकू येत होतं. तिने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि आधी मराठीत म्हणाली, ‘जाते.’ हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मग म्हणाली, ‘आय अ‍ॅम गोइंग. नॉट कमिंग.’ बाई रडल्या. म्हाताऱ्या माणसासारख्या टिपं गाळत नाही. लहान मूल रडतं तशा, तोंड उघडं ठेवून, नाक पुसायचं भान नसलेल्या. आई हात न सोडता उभी राहिली. नवरा मला घड्याळ दाखवत होता, मी त्याला डोळ्यांनी दटावलं. रडणं संपायला वेळ लागला. संपल्यावर बाईंनी रुमाल काढला, नाक पुसलं, आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, ‘गुडबाय.’ इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द आम्ही ऐकला नव्हता.

गाडीत मी आईवर उखडले. ‘जाते म्हणालीस ते ठीक आहे, नॉट कमिंग काय? पुढच्या वर्षी येणार आहेस ना?’ ती खिडकीबाहेर मोटरवेकडे बघत होती. ‘हो गं,’ म्हणाली. विमानतळावर तिने लेकीचा पापा घेतला, जावयाला तब्येत सांभाळायला सांगितलं, माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ‘येते हं. जप,’ म्हणाली, आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीशी ऑपरेटरच्या इंग्रजीत गप्पा मारत आत गेली.

वर्ष व्हायच्या आत पुण्याहून भावाचा फोन आला. हृदय. इथून निघून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, मला राख बघायला मिळाली. परत आल्यावर दोन दिवस घराबाहेर पडले नाही, तिसऱ्या दिवशी बाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आई गेली.

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘ती मला सांगूनच गेली होती. डॉक्टरांनी तिला इकडे येतानाच बजावलं होतं, एवढा प्रवास आता शेवटचा. एका शुक्रवारी तिने सांगितलं मला.’ मग माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, ‘तुला नाही सांगितलं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मला ती येते म्हणाली.’

त्या दारातून बाजूला झाल्या. मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, खांद्यावर हात ठेवला, आणि डॉक्टर बोलतात तशा साध्या सुरात म्हणाल्या, ‘मग तुला वेळ लागेल.’

त्याला आता बरीच वर्षं झाली. बाईंना त्यांच्या लेकीने क्राइस्टचर्चला, हॉर्नबीत आपल्या घराजवळ नेलं, आणि तिथेच त्या गेल्या. डावीकडच्या घरात एक तरुण जोडपं राहतं. हात हलवतात, ‘सी या’ म्हणतात. जेवणाच्या टेबलांवर ते कडक माणसाचं वाक्य पुन्हा ऐकू यायला लागलंय, पूर्वीपेक्षा जास्त, आणि आता हसणाऱ्यांची संख्याही जास्त आहे. मी उठून भांडते, लोक म्हणतात हिला काय झालं. बातम्यांत आगगाड्या दिसतात, बसगाड्यांच्या काचांना चिकटलेली पोरं दिसतात, खाली उभ्या आया दिसतात. इतके दिवस मी फक्त त्या पोरांकडे बघायचे. हल्ली आयांकडे बघते. माझी आई शेजारणीला खरं सांगू शकली, पोटच्या पोरीला नाही. तिथे तिची जीभ वळली नाही. त्या दुसऱ्या आईचंही, बाईंच्या आईचंही, तसंच झालं असणार, स्टेशनवर बटणं लावताना. तिने फसवलं नाही, तिला ते बोलणं झेपलं नाही. बाई जन्मभर ज्या वाक्यावर रागावून होत्या, ते परक्या कुणाला म्हणायची त्या आईला गरजच पडली नसती; पोटच्या पोरीलाच ते म्हणावं लागलं. हे मला बाईंना सांगायचं होतं. सुचलं तेव्हा त्या गेल्या होत्या.